देवाच्या नावावर ढकललेली तीन बोटं

संपादकांनी नाताळ अंकासाठी 'दुःखात देवावर भरवसा' या विषयावर साक्ष लिहून मागितली तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. एक तर माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातलं. दुसरं म्हणजे आपल्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष कशी द्यायची याची एक चाल पडून गेली आहे. उभं राहायचं, संकट सांगायचं, आवाज थोडा कापू द्यायचा, मग 'पण देवाने चांगलं केलं' म्हणायचं आणि खाली बसायचं. माझ्याकडे तशी साक्ष नाही. माझ्याकडे राग आहे आणि तो इतक्या वर्षांत निवलेला नाही. संपादक म्हणाले, रागच लिहा. म्हणून लिहितो. कुणाला टोचलं तर टोचू दे.

राग एका वाक्याचा आहे. 'देवाची मर्जी.' हे वाक्य मी मयतीला ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, पण सगळ्यात जास्त ऐकलं ते वाळूजच्या कारखान्यात. तिथं मी पॉवर प्रेसवर उभा जन्म काढला. मशीन बिघडलं की मेकॅनिकला बोलवायचे, वीज गेली की वीज मंडळाला शिव्या घालायचे, माल परत आला की ऑपरेटरला धरायचे. माणसाचा हात गेला की मात्र देवाची मर्जी. देवाला एवढं एकच खातं दिलेलं होतं.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातला करंजीचा साचा मनात आणा. खाली साचा, वर साचा, मध्ये पारीऐवजी पोलादी पत्रा, आणि दाबायला तुमच्या बोटांऐवजी कित्येक टनांचा जोर. वरून जो जड भाग उतरतो त्याला आम्ही रॅम म्हणतो. तो उतरतो, धप्प आवाज होतो, आणि पत्र्यातून दुचाकीला लागणारी एक पट्टी कापून, वाकवून तयार होते. पत्रा कुठला आणि बोट कुठलं हे रॅमला कळत नाही.

साच्याला डाय म्हणतात. ती प्रेसवर चढवायची, वरची-खालची बाजू नेमकी जुळवायची, बोल्ट आवळायचे, पहिला नग काढून तपासायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं, हे सेटरचं काम. मी सेटर होतो. स्वभाव घाबरट, पण या धंद्यात घाबरट माणूस बरा. डाय बसवताना रॅम अचानक खाली येऊ नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळा उभा करतात. बाकीचे एक ठेवायचे, मी दोन ठेवायचो. आमच्याकडं सलीमभाई नावाचा जुना फिटर होता, डाय दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "पादरी, तेरे कू तो जन्नत में भी दो ठोकळे लगेंगे."

शेडमध्ये मला सगळे पादरीच म्हणायचे. मी काही पाळक नाही, साधा सभासद. पण डबा उघडायच्या आधी डोळे मिटायचो, तेवढं नाव पडायला पुरलं. कुणाच्या घरी आजारपण आलं की हळूच येऊन म्हणायचे, "तुमच्या देवाला पण सांगून ठेवा जरा." दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळ्या प्रेसना झेंडूच्या माळा पडायच्या, नारळ फुटायचे. मी माझी मशीनं आधीच पुसून चकचकीत करून द्यायचो आणि प्रसादाचं खोबरं खायला पहिला हजर असायचो. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता बटणांचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथं अडकली आहे. प्रेस चालवायला दोन हिरवी बटणं असतात, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच रॅम उतरतो. यामागची अक्कल साधी आहे. दोन्ही हात बटणावर असले तर साच्यात हात असूच शकत नाही. ज्या माणसानं हे शोधलं त्याच्यासाठी मी मनापासून प्रार्थना केलेली आहे.

आणि आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवायचे? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्यायची आणि एक बटण कायमचं दाबून बांधून टाकायचं. मग एका हातानं दुसरं बटण दाबत राहायचं, मोकळ्या हातानं पत्रा सरकवत राहायचं. नग वाढतात. आमची मशीनं जुनी, त्यांना ही लबाडी ओळखता यायची नाही. सुपरवायझर ढगेसाहेब स्वतः बांधून दाखवायचे. वर म्हणायचे, "लक्ष ठेवलं तर काही होत नाही." आठ तास, धप्प-धप्प आवाजात, लक्ष ठेवायचं. लक्ष हे काय नळाचं पाणी आहे, सोडून ठेवलं आणि आलं?

आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं ऑडिटला यायची त्या दिवशी शेडचं रूप पालटायचं. सगळ्या ट्यूबा गायब. साच्यांसमोर हात अडवणाऱ्या जाळ्या लागलेल्या. आम्हाला नवे कोरे हातमोजे मिळायचे आणि संध्याकाळी ते मोजून परत घ्यायचे. एकदा एक तरुण इंजिनिअर माझ्यापाशी थांबून म्हणाला, "काका, सेफ्टीची काही अडचण?" मी त्याच्या मागं उभ्या ढगेसाहेबांकडं पाहिलं आणि म्हणालो, "नाही साहेब, सगळं व्यवस्थित." तो खूश होऊन गेला. ती गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत इकडं ट्यूबा परत बांधून झालेल्या. मी ढगेसाहेबांना एकदा म्हणालोही होतो की हे बरं नाही. ते म्हणाले, "तू डाय बघ, पादरी. उत्पादन मी बघतो." मी डाय बघत राहिलो.

कैलास पिशोर गावचा, तीन नंबरच्या प्रेसचा ऑपरेटर. पंचविशीतला, लग्न होऊन वर्ष झालेलं. गावाकडं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा आणि ते खरं असावं, कारण हात खरंच सुरेख होता. आमच्या शेडच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी मोठी लाल अक्षरं त्यानंच काढली होती. ऑडिटसाठी. मला तो मामा म्हणायचा. सुट्टीवरून येताना मक्याची कणसं आणायचा आणि म्हणायचा, "मामा, देवाला डोळे मिटून सांगा, कैलासनं आणलीत म्हणून. नायतर त्याला वाटंल तुम्हीच इकत घेतली."

दुपारची शिफ्ट होती. जेवणं नुकतीच झालेली. मी पलीकडच्या प्रेसवर डाय उतरवत होतो. आवाजात फरक पडला तो मला आधी कळला, कारण सेटरचे कान त्याच कामाला लागलेले असतात. मान वळवली तर कैलास उभा होता. ओरडला नाही. "मामा," म्हणाला, एवढंच. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

मी मशीन बंद केलं. सलीमभाईनं डोक्याचा रुमाल सोडून मनगटावर आवळला. कुणी टेम्पो आणायला धावलं. त्या गडबडीत मी पाहिलं, ढगेसाहेब तीन नंबरच्या प्रेसपाशी आमच्याकडं पाठ करून उभे होते. ते बाजूला झाले तेव्हा उजव्या बटणावरची ट्यूब नव्हती. त्यांचा हात खिशात होता. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

टेम्पो निघाला आणि शेडमध्ये लगेच सुरू झालं. कुणी म्हणालं, अमावस्या जवळ आली होती. कुणी म्हणालं, यंदा खंडेनवमीला त्या प्रेसवरचा नारळ नासका निघाला होता. ढगेसाहेब म्हणाले, "पोरगं बेसावध. दोन्ही बटणं चालू होती, तरी हात घातला कसा कोण जाणे. शेवटी देवाची मर्जी." दोन्ही हात बटणांवर असताना तिसरा हात कुठून आणला असेल त्यानं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी शेठनं, म्हणजे कारखान्याच्या मालकानं, मला केबिनमध्ये बोलावलं. शेठबद्दल मी वाईट लिहिणार नाही, लिहिता येणार नाही. मी या शहरात आलो तेव्हा त्याचं नाव औरंगाबाद होतं आणि त्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. ज्या चुलतभावाच्या भरवशावर आलो तो काम सोडून पुण्याला निघून गेलेला. शेठनं मला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, दाखलाही विचारला नाही. माळ्यावर झोपायला जागा दिली. पुढं माझ्या बायकोचं, करुणाचं, बाळंतपण अडलं तेव्हा शेठनं स्वतः गाडी चालवत तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. माझी मुलगी आज आहे ती देवाच्या कृपेनं, आणि ती कृपा त्या दिवशी शेठच्या गाडीत बसून आली. हे मी रोज आठवतो. म्हणून तर पुढचं सगळं जड गेलं.

शेठ म्हणाले, "शांतवन, तू भाविक माणूस. तुझा शब्द लोक मानतात. उद्या दवाखान्यात जा. त्याची आई आलीय गावाहून. त्यांना धीर दे, तुझ्या पद्धतीनं प्रार्थना कर. समजावून सांग, की देवाच्या मर्जीपुढं कुणाचं काही चालत नाही. उगाच मनात राग धरू नये."

फळांची पिशवी टेबलावर तयार होती.

मी म्हणालो, "शेठ, ती ट्यूब…"

"कुठली ट्यूब?" शेठ म्हणाले. इतक्या हळू, इतक्या मायेनं म्हणाले की मला वाटलं, खरंच कुठली? मी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सलीमभाई आधीच तिथं होता. ढगेसाहेबही आले होते, कंपनीतर्फे. कैलासच्या खाटेपाशी त्याची आई गयाबाई जमिनीवर बसलेली होती, पदर तोंडाशी धरून. मी तिला रामराम केला. ती म्हणाली, "या दादा. तुम्हीच का ते पादरी? कैलास लई सांगतो तुमचं."

कैलासनं भिंतीकडं तोंड केलं होतं. तसाच म्हणाला, "मामा, माझंच चुकलं. आईनं गेल्या साली नवस बोलला होता, तो म्या फेडला नाय. आज फेडू, उद्या फेडू. देवानं घेतलं वसूल करून."

गयाबाई म्हणाली, "त्याच्या मर्जीपुढं काय चालतं, बापा."

मला सांगायला पाठवलेलं सगळं त्यांनी आधीच पाठ केलेलं होतं. मी गेलो नसतो तरी चाललं असतं. ढगेसाहेबांनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "पादरी, घे प्रार्थना. त्यांना बरं वाटेल." आणि स्वतः हात जोडून उभे राहिले.

इथं आपल्या मंडळीबाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमची प्रार्थना पुस्तकातली नसते. डोळे मिटून, मोठ्यानं, जे मनात असेल ते बोलायचं असतं. लहानपणापासून सवय असते. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मधलं आपलं.

मी डोळे मिटले आणि ठरलेली सुरुवात केली. 'हे दयाळू प्रभू, या दिवसाबद्दल तुझे आभार.' यानंतर माझ्या तोंडात येतं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' ते आलं, पण मी म्हटलं नाही. कारण ते वाक्य मी माझ्या आईकडून शिकलो होतो. तिनं ते दोन पोरं पुरताना म्हटलं होतं, आणि ते म्हणताना ती देवाशी भांडत होती, कुणाला वाचवत नव्हती. आणि आज मी ते ढगेसाहेबांच्या खिशातल्या ट्यूबवर पांघरूण म्हणून घालणार होतो. मला इतका संताप आला की कानात धप्प-धप्प व्हायला लागलं.

मी म्हणालो, "प्रभू, तू राजा आहेस. तुझ्या नजरेआड काही नाही. मग तू पाहिलंस. तीन नंबरच्या प्रेसला उजव्या बटणावर ट्यूब बांधलेली होती, तू पाहिलंस. तशी बांधायला याला शिकवलं, कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. आम्ही याचा हात रुमालात गुंडाळत होतो तेव्हा ती ट्यूब कुणी सोडून खिशात घातली, तेही पाहिलंस. आता सगळे मिळून ते तुझ्या अंगावर घालतायत. याला वाटतंय तू नवसासाठी बोटं तोडून नेलीस. तू असा नाहीस. तू गप्प का आहेस ते मला कळत नाही. पण मी स्वतःला तुझा साक्षीदार म्हणवतो आणि मीही गप्प आहे. मला गप्प बसू देऊ नकोस. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

डोळे उघडले तेव्हा ढगेसाहेबांचे हात अजून जोडलेले होते. सोडायचे कधी ते त्यांना कळेना.

गयाबाईनं विचारलं, "ट्यूब कसली, दादा?"

"आई, गप," कैलास म्हणाला. पण त्यानं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं होतं.

सलीमभाई तिच्यासमोर उकिडवा बसला आणि स्वतःच्या दोन हातांनी तिला बटणं कशी असतात, एक बांधलं की काय होतं, सगळं दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी हे रोजचंच व्हतं?"

"हौ अम्मा. रोज का."

फळांची पिशवी तिनं पायानं थोडी लांब सारली.

बाहेर ढगेसाहेबांनी मला गाठलं. "प्रार्थनेत माणूस काहीही बोलतो," ते म्हणाले. "ते कुणी मनावर घेत नाही. पण परवा कारखान्यांचे सरकारी निरीक्षक चौकशीला येतायत. तिथं विचार करून बोल. तू परका माणूस. इथं तुझं आहे कोण, शेठ सोडून?"

हे खरं होतं, म्हणूनच लागलं.

सलीमभाई चहा पिताना हसला. "दुआ में तो शेर हो गया, मियाँ. परसों आँखां खोल के बोलना पडता."

"तूही होतास तिथं," मी म्हणालो.

"मेरी नजर उसके हाथ पे थी. ट्यूब तूने देखी. देखा हुआ तूच बोल सकता."

घरी करुणाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "बोलला आणि काढून टाकलं तर जाणार कुठं? गडहिंग्लजला आपलं हाय काय? एक चिंचेचं झाड, त्यात पण तीन वाटणीदार." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि नाही बोलला तर माझ्यासमोर जेवताना डोळे मिटू नका."

मी शहरातल्या छावणी भागात, आमच्या पास्टरांकडं गेलो. भला माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "देवाच्या हाती सोपव, शांतवन. तो सार्वभौम आहे."

मी आयुष्यात पहिल्यांदा पाळकांना उलटून बोललो. म्हणालो, "पास्टर, सोपवलं. पण चौकशीला देव येऊन बसणार नाही, मला जावं लागणार. तो सार्वभौम आहे म्हणता, तर मग शेठ सार्वभौम नाही. मग मी शेठला एवढा का घाबरतोय, त्याचं सांगा."

पास्टरांनी खुंटीवरून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, "याच्यावर माझ्याकडं बायबलचं वचन नाही. मी स्कूटरवर येतो तुझ्याबरोबर. आत येऊ देणार नाहीत, बाहेर बसतो." आणि खरोखर आले. फाटकाशी वॉचमनच्या बाकड्यावर ऊन खात बसले. त्यांच्या सगळ्या उपदेशांपेक्षा ते बसणं माझ्या जास्त लक्षात राहिलं आहे.

निरीक्षक केबिनमध्ये शेठच्या खुर्चीत बसले होते, शेठ बाजूला. ढगेसाहेबांचं सांगून झालेलं होतं, की ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मला विचारलं, "मशीन कुणी सेट केलं?"

"मी."

"दोन्ही बटणं काम करत होती?"

"करत होती साहेब. पण एक बांधलेलं होतं." आणि मग ट्यूब, खिसा, ऑडिटच्या दिवशीची सफाई, हातमोजे, सगळं सांगितलं. आवाज कापत होता. मंडळीत साक्ष देताना कापू देतात तसा नाही, आपोआप.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"भीतीनं."

"आणि आता?"

"आता पण भीती आहे, साहेब."

निरीक्षक उठून शेडमध्ये गेले. त्या दिवशी सगळी बटणं मोकळी होती, पण प्रत्येक मशीनवर उजव्या बटणाच्या कडेला रबरानं घासून रंग उडालेला होता. त्यांनी तो बोटानं चाचपून पाहिला. एकावर, दुसऱ्यावर, सगळ्यांवर.

ते गेल्यावर शेठ मला म्हणाले, "तुला मी काय कमी केलं, शांतवन?"

"काही नाही, शेठ," मी म्हणालो. खरंच काही नाही.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर मलाही चिडता आलं असतं. त्यांनी फक्त माझं नाव घेणं सोडलं. त्यानंतरची सगळी वर्षं, मी समोर उभा असलो तरी ते दुसऱ्याला म्हणायचे, "सेटरला सांगा." मी अजूनही रोज सकाळी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतो. आभारही मानतो आणि भांडतोही. ढगेसाहेब दुसऱ्या कंपनीत गेले. तिथंही सुपरवायझरच. याला कुणी देवाची मर्जी म्हणत नाही बरं का, याला ओळख म्हणतात.

कैलासला कायद्यानं जे मिळायचं ते उशिरा का होईना मिळालं आणि शेठनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं. ट्यूबा बंद झाल्या. पण खोटं कशाला सांगू, काही महिन्यांनी आमच्यातल्याच एकानं आपण होऊन पुन्हा बांधली, जास्तीच्या नगांसाठी. कैलास स्टोअरमधून पत्रा द्यायला आला होता. त्यानं पाहिलं. जवळ गेला, उरलेल्या दोन बोटांचा तो पंजा उचलला आणि साच्याच्या काठावर ठेवला. म्हणाला, "चालव." तो ऑपरेटर पांढराफटक पडला. त्यानं गाठ सोडली. मी मधे जायला निघालो होतो, पण माझी गरज नव्हती.

मी हे सगळं का लिहितोय? अंकाचा विषय भरवसा आहे म्हणून. मला भरवसा आहे. देव राजा आहे असं मी मानतो, आणि मानतो म्हणूनच संतापतो. राज्य ज्याचं, दाद त्याच्याकडंच मागायची असते. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, माणसांनीही मागितली आहे, चांगली ओरडून मागितली आहे. पण आपण काय करतो? माणसानं बांधलेली गाठ देवाच्या हातात देतो आणि वर डोळे मिटून आमेन म्हणतो. आजही मयतीच्या घरी कुणी 'देवाला आवडला' म्हणालं की मी विचारतो, औषध वेळेवर मिळालं होतं का? लोकांना आवडत नाही. म्हणतात, शांतवनभाऊंचा विश्वास कमी झाला.

त्या गाठीच्या प्रसंगानंतर कैलास आणि मी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत उभे होतो. त्यानं एकाएकी विचारलं, "मामा, तुमचा देव राजा हाय म्हणता. त्यानं समदं बघितलं म्हणता. मग तो रॅम घडीभर वर धरून ठिवला असता तर त्याचं काय गेलं असतं?"

याची उत्तरं मी सभांमधून ऐकलेली आहेत. देव शिकवतो, देव घडवतो, शेवटी भलंच होतं. मी कैलासच्या पंजाकडं पाहिलं.

"मला माहीत नाही, कैलास," मी म्हणालो. "मी त्याला रोज हेच विचारतो."

"मग काय म्हणतो?"

"अजून काही नाही."

"तरी इचारता?"

"दुसरं आहे कोण, ज्याला हे विचारता येईल?"

कैलासनं चहा संपवला. ग्लास डाव्या हातानं फळीवर ठेवला आणि तोंड पुसत म्हणाला, "मग आता इचाराल तव्हा माझं पण नाव घ्या. म्हणावं, कैलास पण वाट बघून ऱ्हायलाय."

घेतो.